जामीनदार

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर माणसाजवळ केस उरत नाहीत, पण एखादं तत्त्वज्ञान उरतं. माझं तत्त्वज्ञान जामीनदाराविषयी आहे. कर्ज घेणारा बँकेत येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आशा असते, मॅनेजरच्या चेहऱ्यावर संशय असतो, आणि ह्या दोघांच्या मध्ये खुर्चीच्या कडेला टेकून एक तिसरा माणूस बसलेला असतो. त्याला कर्ज नको असतं. तो कुणाचा तरी मेव्हणा असतो, शेजारी असतो, नाहीतर शाळेत एका बाकावर बसलेला असतो. तो चहा पितो, दाखवाल तिथे सही करतो आणि घरी जातो. पुढे हप्ते थकले की नोटीस त्याच्याही घरी जाते. मग तो काउंटरपाशी येऊन म्हणतो, "साहेब, मी फक्त सही केली होती हो!" ह्या 'फक्त सही'वर जगातल्या सगळ्या बँका उभ्या आहेत.

उलट बाजूने, ज्याने सही केली नाही त्याचं कुणाला काही देणं नाही. हा दुसरा सिद्धांत. तो तर आणखी सोयीचा. ह्या दोन सिद्धांतांवर माझा संसार, नोकरी आणि झोप हे तिन्ही व्यवस्थित चाललं होतं. गेल्या शिमग्यात एका पक्ष्याने त्यातला दुसरा सिद्धांत खिळखिळा करून टाकला.

आमचं मूळ घर संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या बाजूला. मी नोकरीपायी रत्नागिरीत, ब्लॉकमध्ये. गावच्या घरी आण्णा, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, आणि त्याची आई, म्हणजे माझी काकू, अशी दोनच माणसं. सातबाऱ्यावर मात्र गर्दी आहे. कोकणात जमीन गुंठ्यात आणि हिस्सेदार एकरात मोजावेत अशी परिस्थिती. हे सगळे हिस्सेदार शिमग्याला पालखीच्या निमित्ताने एकत्र येतात. पालखी नाचवून सगळ्यांचे खांदे दुखत असताना कुणात भांडायचं त्राण नसतं, हे ओळखून आण्णा जमिनीचे विषय नेमके तेव्हाच काढतो.

यंदाचा विषय होता परड्याच्या टोकाचा रायवळ आंबा. घराच्या छपराचे वासे वाळवीने खाल्ले होते. पावसाळ्यात नेमकं काकूच्या खाटेवर गळायचं. वासे बदलायचे, वर कौलं चढवायची, तर पैसा हवा. लाकडाचा व्यापारी येऊन झाड बघून गेला होता. तो म्हणाला, "झाड म्हातारं, आतून पोकळ. फळीच्या कामाचं नाही. जळाऊ म्हणून नेतो. चौदा हजार." परवानगी वगैरे सगळं तोच बघणार होता. फक्त हिस्सेदारांचं संमतीपत्र हवं होतं. पाच सह्यांपैकी चार झाल्या होत्या. पाचव्या जागेवर पेन्सिलीने फुली मारून ती माझ्यासाठी राखून ठेवली होती.

मी सही करणार होतोच. छपराचं काम रास्त होतं आणि झाड पोकळ होतं. पण तारण डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करायची नाही ही बँकेची सवय. म्हटलं, सकाळी एकदा बघून येतो.

आता ह्या झाडाची जागा सांगितली पाहिजे. आमच्या परड्याच्या पलीकडे गावची देवराई लागते. कोकणातल्या गावांना देवराई काय ते सांगायला नको, पण घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. देवाच्या नावाने राखलेलं हे रान. ह्यातली काटकीसुद्धा देवाला कौल लावल्याशिवाय न्यायची नाही, असा पूर्वापार दंडक. त्यामुळे बाहेर सगळं रान गेलं, कलमं आली, काजू आला, तरी देवराईत वडा-उंबरांची जुनी झाडं राहिली. (हल्ली देवालाच सिमेंटचं देऊळ हवंसं वाटू लागलं आणि त्यासाठी देवराईतलीच झाडं विकली, अशीही गावं आहेत. तिथे कौल कुणी लावला आणि कुणी दिला, हे आपण विचारू नये.) आमचा रायवळ आंबा ह्या देवराईच्या हद्दीपासून वीस पावलं अलीकडे, म्हणजे देवाच्या मालकीतून वीस पावलांनी सुटलेला आणि आमच्या तावडीत सापडलेला.

बरोबर आमचा जुना गडी होता. झाडाखाली गेल्यावर तो कुजबुजला, "वायच गप ऱ्हावा. आता येल तो."

"कोण?"

"गरुड."

मी गप्प राहिलो. जरा वेळाने देवराईच्या बाजूने एक काळापांढरा मोठा पक्षी आला. पंख चार-सहा वेळा फडफडवायचे, मग तसेच पसरून तरंगायचं, पुन्हा फडफडवायचे, अशी त्याची चाल. तो आंब्याच्या खोडाशी येऊन बसला तेव्हा मी त्याला नीट पाहिला, आणि देवाने ह्या प्राण्याच्या बाबतीत अंदाजपत्रकाबाहेर खर्च केला आहे हे माझ्या लक्षात आलं. चोचीपासून शेपटापर्यंत दोन फुटांहून जरा अधिक. अंग काळंकुळकुळीत, पोट पांढरं, शेपटाच्या कडा पांढऱ्या, पंखांच्या मागच्या कडेला पांढरी किनार. इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे ती पिवळट हस्तिदंती चोच! केवढी ती! आणि एक चोच पुरली नाही म्हणून तिच्यावर आणखी एक चोच उलटी ठेवावी तसं शिंगासारखं टोपण, त्यावर मोठा काळा डाग. हे टोपण आतून बरंचसं पोकळ असतं म्हणतात. नाहीतर तो पक्षी सदैव पुढेच कलंडला असता. डोळे लालभडक, मार्चअखेरीस आमच्या हेड कॅशिअरचे असतात तसे.

कोकणात ह्याला कुणी गरुड म्हणतात, कुणी ककणेर. विष्णूच्या गरुडाशी ह्याचा काही संबंध नाही. पुस्तकातलं ह्याचं नाव मलबारी कवड्या धनेश. सह्याद्रीच्या रांगेत, मध्य भारतात, पूर्व घाटात आणि श्रीलंकेत तो सापडतो. महाराष्ट्रात आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहे. त्याला उंच जुनी झाडं आणि वर्षभर फळं लागतात. वड, पिंपळ, उंबर ही त्याची खानावळ. काजऱ्याच्या बिया माणसाला विषारी, पण त्याच फळाचा गर हे महाशय मिटक्या मारत खातात.

धनेश कुळाशी माझी तोवरची ओळख कागदोपत्री होती. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ साली निघाली. तिच्या बोधचिन्हावर ह्याचाच थोरला भाऊ, म्हणजे महाधनेश आहे. ह्या सोसायटीच्या कचेरीत विल्यम नावाचा एक खराखुरा महाधनेश होता. कारवारहून पिल्लू असताना आलेला. १८९४ ते १९२०, अशी सव्वीस वर्षं तो त्या एकाच कचेरीत होता. सेक्रेटरी बदलले, विल्यम बदलला नाही. फळं खायचा, उंदीर खायचा, विंचूसुद्धा खायचा, आणि तीस फुटांवरून टेनिसचा चेंडू फेकला तर चोचीत अचूक झेलायचा. सव्वीस वर्षं एका कचेरीत काढणाऱ्या ह्या प्राण्याबद्दल मला पहिल्यापासून जिव्हाळा आहे. चेंडू झेलण्याचं सोडलं तर आमच्या दोघांच्या सेवापुस्तकात फारसा फरक नाही.

तर काय सांगत होतो, तो पक्षी खोडाशी बसला. तिथे पूर्वी कधीतरी फांदी मोडून कुजून ढोली झाली होती. ढोलीचं तोंड चिखलामातीने लिंपल्यासारखं बंद, मध्ये फक्त एक उभी फट. त्या फटीतून एका चोचीचं टोक बाहेर आलं. ह्या गृहस्थाने मान जरा झटकली, गळ्यातून एक उंबर वर काढलं आणि त्या टोकात ठेवलं. मग दुसरं, मग तिसरं. गळ्याच्या पिशवीत माल भरून आणायचा आणि एकेक नग काढून द्यायचा. बावीस वर्षांत मी इतका शांत कॅशिअर पाहिला नाही. शेवटचं फळ दिल्यावर क्षणभर थांबला, बहुधा बेरीज जुळवली असावी, आणि उडून गेला.

आत त्याची बायको होती. धनेशाची मादी विणीच्या वेळी ढोलीत शिरते आणि आपली विष्ठा, माती, फळांचा चिकट गर ह्यांनी आतून दार लिंपून घेते. अंडी घालायची, उबवायची, पिल्लं वाढवायची, सगळं आत. मुक्काम चांगला अडीच-तीन महिन्यांचा. आणि ह्यावर कडी म्हणजे त्या काळात तिची उडायची पिसं झडतात, नवी यायला वेळ लागतो. म्हणजे दार तर बंद, पण उघडलं तरी पळता येणार नाही, अशी व्यवस्था. नर तेवढा काळ तिला, आणि पुढे पिल्लांनाही, पुरवठा करतो. त्याचं काही बरंवाईट झालं तर आतल्यांचं कठीणच.

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आमच्या सौभाग्यवती प्रथम भडकल्या. "म्हणजे बायकोला कोंडून ठेवतो की मेला!" मी म्हटलं, कोंडून ठेवत नाही, ती स्वतः दार लावून घेते. त्यावर ती विचारात पडली. "तीन महिने स्वयंपाक नाही, बाजार नाही, पाहुणे नाहीत, आणि नवरा वेळेवर खायला आणून देतो?" मग हळूच म्हणाली, "अहो, आपल्या बेडरूमला आतून कडी नीट लागत नाही. जरा सुताराला बोलवा ना."

विनोद झाला, पण मला त्या फटीतलं चोचीचं टोक काही दिसायचं थांबेना. ह्या बाईने आपला जीव दोन गोष्टींवर गहाण टाकला आहे. एक, नवरा परत येईल. दुसरी, झाड उभं राहील. पहिल्या गोष्टीला नवरा बांधलेला आहे, तो फेऱ्या मारतो आहे. दुसऱ्या गोष्टीला जामीन कोण? ते संमतीपत्र माझ्या खिशात होतं.

आणखी एक गंमत पाहा. एवढी थोरली चोच, पण तिने धनेशाला लाकूड कोरता येत नाही. सुतारपक्ष्याची कला त्याच्याकडे नाही. जुन्या झाडाला आपोआप पडलेली ढोलीच त्याला लागते, आणि मनाजोगी ढोली पडायला झाडाने पन्नास-शंभर वर्षं उभं राहावं लागतं. व्यापाऱ्याने ज्या दोषासाठी भाव पाडला, तोच दोष ह्या पक्ष्याच्या लेखी एकमेव गुण होता. मी इतकी वर्षं मालमत्तांचे मूल्यांकन अहवाल फाइलला लावतो आहे. 'पोकळ' हा शब्द जमेच्या बाजूला मांडलेला मी कधी पाहिला नव्हता.

रात्री ओटीवर आण्णाशी बोललो. तुम्हांला वाटेल आण्णा खलनायक असेल. तसं असतं तर लेख सोपा झाला असता. आण्णा सरळ माणूस आहे, आणि त्याचं म्हणणंही सरळ होतं.

"तुझा तो ब्लॉक बांधला तिथे आधी काय मैदान होतं? झाडंच होती ना? त्यातल्या किती ढोल्या मोजल्यास?"

मी गप्प.

"आपल्या आजोबांनी हापूसची कलमं लावली ती काय ढगात लावली? रान तोडूनच लावली. तेव्हा इथे गरुड नव्हते? आणि मे महिन्यात तुला पेटी पाठवतो ती गोड लागते ना?"

लागते. इथेही मी गप्प. कोर्टात ज्याला कबुलीजबाब म्हणतात तो असाच असावा.

"आणि हे बघ, गळतं ते माझ्या आईच्या अंगावर. त्या पक्ष्याला आपण बोलावलं होतं? भाडं देतो? काही लिहून दिलंय आपण त्याला?"

इथे मात्र माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. १८७२ चा भारतीय करार कायदा मी परीक्षेपुरता पाठ केला होता. मार्क पडले बेचाळीस, पण दोन कलमं डोक्यात राहिली. कलम १२६ म्हणतं, हमी लेखीच हवी असं नाही, तोंडीही चालते. आणि त्याआधी कलम ९ आहे. शब्दांत दिलेलं ते व्यक्त वचन, आणि शब्दांवाचून, वागण्यातून दिलेलं ते गर्भित वचन. मी म्हटलं, "आण्णा, आजोबांनी सगळं तोडलं पण हे झाड ठेवलं. काकांनी ठेवलं. तू इतकी वर्षं ठेवलंस. आपण बोललो काहीच नाही, पण वागलो असे की कुणालाही वाटावं, हे झाड इथे असणार. त्या भरवशावर ती आत जाऊन दार लावून बसली. आता आपण म्हणायचं, आमची सही दाखव!"

"करार माणसात होतो रे. पक्षी काय माणूस आहे?"

कायद्याच्या दृष्टीने आण्णाचं बरोबर होतं. १९७२ चा वन्यजीव कायदा ह्या पक्ष्याला मारू देत नाही हे खरं, पण रानाच्या कडेला कुऱ्हाड पडते तेव्हा कायदा बहुधा तालुक्याच्या गावी जेवायला गेलेला असतो. आणि मी जे बोलत होतो ते कायद्याचं नव्हतंच. कायदा सही विचारतो, कारण दुसऱ्याने आपल्यावर किती भरवसा टाकला आहे हे मोजायचं दुसरं साधन त्याच्यापाशी नाही. पण आपल्यावर भरवसा टाकणाऱ्यांतले बहुतेक जण आपल्याला विचारत नाहीत. तान्हं मूल विचारत नाही. रात्रीच्या एस.टी.त झोपलेला उतारू ड्रायव्हरला विचारत नाही. ते आपले झोपतात. आपल्याला नकळत आपण जामीन झालेले असतो, आणि नंतर 'मी सही केली नव्हती' हे म्हणणं 'मी फक्त सही केली होती' इतकंच केविलवाणं ठरतं.

बरं, ह्यात एकतर्फी उपकारही नाहीत. धनेश अख्खी फळं गिळतो आणि बिया दूर कुठेतरी टाकतो. रानातली कित्येक झाडं अशी लागतात. झाड पक्ष्याला ढोली देतं, पक्षी रानाला झाडं देतो. म्हणजे दोघे एकमेकांना जामीन. पतपेढीत ही युक्ती कुणी केली की आम्ही दोघांचेही अर्ज बाजूला ठेवतो. रानात मात्र ती हजारो वर्षं बुडीत खात्याशिवाय चालली आहे.

वाद चालू असताना काकू आतल्या खाटेवर होती. आम्हांला वाटलं झोपली. तेवढ्यात आवाज आला, "ती आत आहे का अजून?"

"कोण गं?"

"गरुडीण रे. दार लावून बसली असेल ना?"

आण्णा म्हणाला, "आई, तू झोप. तुझ्याच छपराचं चाललंय."

"छपराचं मला नको सांगूस. साठ वर्षं मी ह्या गळतीखाली भांडी लावत्ये. कुठल्या नक्षत्राला कुठे भांडं लावायचं ते मला पाठ आहे." मग जरा थांबून म्हणाली, "मी तरी काय वेगळी आहे? ह्या खोलीतून हलत नाही. कुणी तरी ताट आणून देईल ह्या भरवशावर पडून असत्ये. तिचं पिल्लू बाहेर येईस्तोवर कुणी हात लावायचा नाही झाडाला."

आण्णा काही बोलला नाही. कोकणात झाड तोडायला देवाचा कौल लागतो. आमच्याकडे तो खाटेवरून मिळाला.

वाशांचे पैसे मी दिले. लगेच माझ्या नावाने आरती म्हणू नका. ते चौदा हजार आम्ही नव्या फ्रिजसाठी बाजूला ठेवले होते. जुना फ्रीजही गळतो, पण त्याखाली कुणी झोपत नाही. बायको "राहू दे" म्हणाली. तसं पाहिलं तर माझा मोबाइल ह्याहून महाग आहे. व्यापाऱ्याने एक लाख चाळीस हजार सांगितले असते तर? खरं सांगतो, मी सही केली असती आणि त्या झाडावर एक हृदयस्पर्शी लेख लिहिला असता. माझी तत्त्वनिष्ठा पंधरा हजारांच्या आत पक्की आहे. त्यावर प्रकरण हेड ऑफिसकडे जातं.

मे संपता संपता एके सकाळी आण्णाचा फोन आला. आण्णा कामाशिवाय फोन करत नाही, म्हणून मी घाबरलो. तो म्हणाला, "दार फुटलं रे! बाहेर आली. एक पिल्लू आहे. आईला उचलून अंगणात नेऊन दाखवलं." आवाजावरून कळलं की हा माणूस शिमग्यापासून रोज त्या झाडाखाली जात असणार. पुढे म्हणाला, "खाली आंब्याच्या मुळाशी कसली कसली रोपं आलीत. बिया टाकल्या असतील त्याने. वईला लावतो दोन-चार."

म्हणजे गोष्ट इथे गोड संपायला हरकत नव्हती. पण धनेशाचं जोडपं बऱ्याचदा पुढच्या वर्षी त्याच ढोलीत परत येतं. काकूचा हुकूम पिल्लू बाहेर येईपर्यंतचा होता. आता झाड रिकामं आहे, करार मोडल्याचा आरोप कुणी करू शकत नाही. पण भाडेकरू गावाला गेला की कुलूप बदलणाऱ्या मालकाबद्दल आपण काय म्हणतो ते मला माहीत आहे. व्यापाऱ्यालाही माहीत असावं, कारण पावसानंतर तो पुन्हा येऊन गेला. ह्या वेळी भाव दोन हजारांनी चढवला.

मी आण्णाला विचारलं, "मग काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, चार सह्या तयार आहेत. एक भाऊ रत्नागिरीत बँकेत असतो, तो सही देत नाही. फार विचित्र माणूस आहे."

तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. पेन्सिलीची फुलीही तशीच आहे. सही करून जामीन झालेली माणसं मी बावीस वर्षं पाहतो आहे. सही न करता जामीन झालेला मी पहिलाच असेन. नोटीस कधी येते ते बघायचं.